मालाबरोबरचा माणूस

मुलुंड पूर्वेच्या 'शुभांगण' सोसायटीची सभा चालू असताना श्यामकांत टिपणीस पंख्याखालून खुर्ची सरकवायला उठले आणि वाहन साहाय्य समितीचे अध्यक्ष होऊनच खाली बसले. पंख्याचा वारा थेट मानेवर येत होता, एवढंच काय ते त्यांचं म्हणणं होतं. पण ते नेमके ज्या क्षणी उठले त्या क्षणी अण्णा देवस्थळींनी विचारलं होतं, "मग या कामात पुढाकार कोण घेणार?" अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. आलेली गोष्ट कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "टिपणीस उभे राहिलेच आहेत," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर "माझ्या मानेवर वारा येत होता" असं सांगणं बावन्न वर्षांच्या, विमा कंपनीतल्या हेडक्लार्कला शोभत नाही. टिपणिसांनी नुसते हात जोडले.

काम होतं तळमजल्यावरच्या सुलक्षणा घाडीचं. सुलक्षणा मुलुंड पश्चिमेच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. दीड वर्षापूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला आणि आईची, म्हणजे शांताबाईंची, एक किडनी तिला बसवली. किडनी ठणठणीत चालली. पण ती टिकवण्यासाठी जी औषधं होती त्यांनी कमरेची हाडं खाल्ली. चाकांच्या खुर्चीत बसावं लागलं, कमरेत वाकायची सोय राहिली नाही. रिक्षात शिरता येईना. गर्दीत जायचं नाही, संसर्ग होईल, अशी डॉक्टरांची ताकीद होती, म्हणजे बस बाद. आणि एप्रिल शहाऐंशीमध्ये शाळेचं पत्र आलं: सोळा जूनला हजर व्हा, नाहीतर जागा भरावी लागेल.

"रोज रुग्णवाहिका केली तर?" टिपणिसांनी अध्यक्ष या नात्याने पहिली सूचना केली.

"परवडणार नाही काका," सुलक्षणा म्हणाली. "आणि मी रोज रुग्णवाहिकेतून उतरले तर मुली पाढ्यांऐवजी रामरक्षा म्हणायला लागतील. मला एक गाडी हवीय, जिच्यात खुर्चीसकट चढता येईल. बस."

मग तिने दोन अटी घातल्या. तिचा फोटो कुठेही छापायचा नाही, आणि 'अभागी' हा शब्द कुठेही वापरायचा नाही. शांताबाईंनी तिसरी अट घातली. त्या अजूनही त्या किडनीला स्वतःचीच समजत. ती लेकीकडे राहायला गेली आहे, इतकंच.

"माज्या किडनीक धूळ चलना नाय," त्या म्हणाल्या. "काय गोळा करूचा ता वरती करा."

'वरती' म्हणजे टिपणिसांचं घर. हे तेव्हा टिपणिसांच्या लक्षात आलं नाही.

पैसे कसे उभे करायचे यावर सोसायटीत आठ दिवस चर्चा झाली. मुलुंडमध्ये सल्ला फुकट मिळतो, शिवाय घरपोच मिळतो. कुणी म्हणालं लॉटरी काढा, कुणी म्हणालं गच्चीवर व्हिडिओ लावा. व्हिडिओला पोलिसांची परवानगी, करमणूक कराची परवानगी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची परवानगी लागत होती. पहिल्या दोन कदाचित मिळाल्या असत्या. शेवटी अण्णांनी तोडगा काढला. "रद्दी! पैसे मागितले की माणूस तोंड फिरवतो. रद्दी मागितली की घरात जागा झाली म्हणून उलट आपले आभार मानतो."

हे तंतोतंत खरं निघालं. लोकांनी आभार मानत मानत जे आणून टाकलं त्यात वर्तमानपत्रं होती, मासिकं होती, लग्नपत्रिका होत्या. शिवाय एक भाता फाटलेली पेटी, पाय नसलेला पाट, दोन डाव्या चपला आणि 'रद्दीत चालेल ना?' असं विचारत आणलेलं एक इस्त्रीचं टेबल. टिपणिसांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली पहिल्या आठवड्यात गेली. दुसऱ्या आठवड्यात पलंगाखालची जागा गेली. तिसऱ्या आठवड्यात पद्मजा वहिनींना स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायला १९७९ सालावरून चढून जावं लागायला लागलं.

"अहो अध्यक्ष," त्या एका सकाळी ढिगामागून म्हणाल्या, "चहा घेऊन उभी आहे. हात लांब करा, मला तिथवर येता येत नाही."

"पद्मा, हे समाजकार्य आहे."

"समाजकार्यात झुरळं झालीत."

टिपणिसांना या बोलण्याने वेदना झाल्या. थोर माणसांच्या घरातून त्यांना नेहमी विरोध झाला आहे, असं ते मनात म्हणाले आणि चहाचा कप घेताना दिवाळी अंकांचा एक थर त्यांच्या पायावर कोसळला.

रद्दी वाढावी म्हणून त्यांनी मुलुंडच्या एका साप्ताहिकात निवेदन दिलं. मजकूर स्वच्छ होता: मूत्रपिंडरोपण झालेल्या एका शिक्षिकेच्या वाहनासाठी श्यामकांत टिपणीस यांना रद्दी द्यावी. खाली पत्ता, शुभांगण, पहिला मजला. सुलक्षणेच्या अटीप्रमाणे फोटो नव्हता, नावही नव्हतं. छापखान्यात जागा कमी पडली म्हणून जुळाऱ्याने मधली एक ओळ उडवली. शुक्रवारी मुलुंडने वाचलं ते असं: 'मूत्रपिंडरोपण झालेल्या श्यामकांत टिपणीस यांना रद्दी द्यावी.'

शनिवारी सकाळी सात वाजता पहिलं शहाळं आलं.

दुपारपर्यंत अकरा शहाळी आली. ठाण्याहून टिपणिसांची मावशी आली आणि दारातच त्यांना जवळ घेऊन रडली. "मी निरोगी आहे" असं टिपणीस जितक्या जोरात सांगत, तितकं लोकांना त्यांच्या धैर्याचं कौतुक वाटे. "बघा, किती उमेद आहे," म्हणत लोक आणखी रद्दी ठेवून जात. सोमवारी ऑफिसात साहेबांनी त्यांचं टेबल खिडकीशी हलवलं. डब्याच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांच्यापुढचं लोणचं एकमताने उचललं. टिपणिसांनी लेखी खुलासा दिला. साहेबांनी तो वाचला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "टिपणीस, लपवायचं काही कारण नाही हो. आम्ही परके आहोत का?"

हे सगळं त्यांनी सोसलं. पण मेच्या दुसऱ्या रविवारी ते बाजारातून खांद्यावर फणस घेऊन येत होते. चांगला बारा किलोचा फणस. फाटकातून आत शिरले तर समोर एक धिप्पाड गृहस्थ उभे.

"टिपणीस कुठे राहतात?"

"मीच."

गृहस्थांनी फणसाकडे पाहिलं, मग टिपणिसांकडे पाहिलं. "तुम्हाला किडनी बसवलीय ना? आणि तुम्ही फणस वाहताय?"

हे चंद्रप्रकाश नेरूरकर. पश्चिमेला त्यांची बेकरी होती. निवेदन वाचून त्यांनी वडिलांनी जपलेले एका मासिकाचे अकरा वर्षांचे बांधीव अंक पाठवून दिले होते आणि आज रोग्याला भेटायला म्हणून खास खारी घेऊन आले होते.

"अहो, ती छापण्यातली चूक—"

"चूक? माझ्या वडिलांचे अंक गेले! लबाडी आहे ही!" नेरूरकरांचा आवाज भट्टीसमोर तयार झालेला होता. गॅलऱ्या भरल्या. अण्णा खाली आले आणि मधे न पडता नीट ऐकू येईल अशा अंतरावर थांबले.

टिपणिसांचा संयम सुटला. त्यांनी फणस खाली ठेवला आणि भर अंगणात सदरा वर केला. "बघा! आहे का कुठे टाका? बघा!"

सगळ्यांनी पाहिलं. उजव्या बाजूला चांगला चार बोटं लांब टाका होता.

"हा काय?" नेरूरकर.

"हे अपेंडिक्स! एकोणीसशे अठ्ठावन्न साल!"

"असं सगळेच म्हणतात."

तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं. तोंडाला मास्क लावलेली सुलक्षणा खुर्ची ढकलत बाहेर आली. मागे शांताबाई.

"किडनी मला बसवलीय," ती म्हणाली. "टाकाही माझाच आहे, पण तो मी दाखवणार नाही."

"किडनी माजी आसा," शांताबाईंनी दुरुस्ती केली. "तिका दिलंय. काय विचारूचा आसात ता माका विचारा."

सदरा अजून टिपणिसांच्या हातातच होता, तो त्यांनी हळूच खाली सोडला.

सुलक्षणा नेरूरकरांना म्हणाली, "तुमचे अंक टिपणीसकाकांकडे जसेच्या तसे आहेत, घेऊन जा. पण काकांना लबाड म्हणू नका. त्यांच्या घरात आता उभं राहायला जागा नाही, ती माझ्यामुळे. आणि मला दया नकोय हो. दया घरी बसूनही मिळते. मला शाळेत जायचंय. दीड वर्ष मी हे एक छत बघतेय. पंख्याच्या पात्यांचे कोन मोजून झाले, खिडकीच्या गजांची बेरीज झाली. आता आठवीच्या मुली हव्यात मला, 'बाई, समजलं नाही' म्हणणाऱ्या."

नेरूरकरांनी खारीचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मोठ्या माणसाला लाजताना पाहणं अवघड असतं. तो कुठे लपूच शकत नाही.

"माझा एक जुना टेम्पो आहे," ते शेवटी म्हणाले. "तीनचाकी. पाव वाहायचा. इंजिन बसलंय म्हणून पडून आहे. घेऊन जा. अंक पण राहू देत."

रद्दी विकली गेली. मुलुंडमधली सगळी रद्दी एकदम बाजारात आल्यामुळे भाव पडला, पण टेम्पोचं इंजिन आणि खुर्ची चढवायची मागची फळी निघेल एवढे पैसे आले. कांजूरमार्गला दशरथचं छोटं गॅरेज होतं. त्याने टेम्पोभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, "होईल. झकास होईल. घाई करायची नाय."

मे संपत आला तरी दशरथने अजिबात घाई केली नाही. जूनच्या पहिल्या रविवारी टेम्पो सोसायटीत आला. मागचं दार खाली पडलं की त्याचीच उतरती फळी होत होती. आतून लोण्याचा आणि खमिराचा वास येत होता. फळीची चाचणी कुणी करायची असा प्रश्न निघाला. "सुलक्षणेला आधी बसवणं धोक्याचं," अण्णा म्हणाले. "अध्यक्षांनी बसावं."

टिपणीस खुर्चीत बसले. दशरथने त्यांना वर ढकललं, आत फिरवलं आणि विडी पेटवायला एक हात सोडला. बाकीचं सगळं उताराने केलं. खुर्ची फळीवरून सुटली, अंगण ओलांडून, अण्णांना चुकवून, फाटकातून थेट रस्त्यावर गेली आणि एका शहाळेवाल्याच्या गाडीला टेकून थांबली. गाडीपाशी ऑफिसातले साहेब उभे होते. ते मुलुंडला मेहुण्याकडे आले होते, आणि जाता जाता टिपणिसांच्या तब्येतीची चौकशी करावी म्हणून शहाळं घेत होते.

त्यांनी टिपणिसांना पाहिलं. खुर्ची पाहिली. त्यांचे डोळे भरून आले.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले.

टिपणिसांनी खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं, मिटलं आणि शहाळं घेतलं.

दशरथने दुसऱ्याच दिवशी फळीला अटकाव बसवला. पण गाडी रस्त्यावर आणायची तर कागद हवे. टिपणीस आणि नेरूरकर वाहन नोंदणीच्या कचेरीत गेले. तिथे पहिल्या मजल्यावर एक चष्मेवाले कारकून होते. माणूस अत्यंत सभ्य आणि पोटातून नियमाचा.

"गाडीतून काय नेणार?" त्यांनी विचारलं.

"एक बाई," टिपणीस म्हणाले.

"बाई हा माल नव्हे."

"अर्थातच नव्हे!" टिपणीस सात्त्विक संतापाने म्हणाले.

"मग बसायचं नाही. ही मालाची गाडी आहे."

"मग माणसांची करा."

"करू. दोन्ही बाजूंना बाक बसवून आणा."

"बाक बसवले तर खुर्ची कुठे ठेवायची?"

"तो तुमचा प्रश्न. आणि मागे ही फळी कशाला?"

"चढायला."

कारकुनांनी चष्मा वर केला. "चढायला फळी फक्त गुरांच्या गाडीला असते. त्याचा अर्ज वेगळा." आणि तो त्यांनी दिलाही.

घरी पद्मजा वहिनींनी तो अर्ज मोठ्याने वाचला. आता घरात मोकळी जागा असल्यामुळे आवाज घुमत होता. "'जनावरांची संख्या. दुभती किती, भाकड किती.' अहो, हे सुलक्षणेला विचारणार तुम्ही?"

टिपणिसांनी विचारलं नाही. पण फरशी पातळ असल्यामुळे खाली सुलक्षणेला कळलं. ती इतकी हसली की शांताबाई किडनीच्या काळजीने धावत आल्या. हसू थांबल्यावर तिने टिपणिसांना खाली बोलावून विचारलं, "आज तारीख काय?"

"अकरा," टिपणीस म्हणाले.

"उद्या मी येते कचेरीत."

"तू कशी येणार? गाडीला अजून परवानगी—"

"रुग्णवाहिका करा. एकदाच. ही चैन मला करू द्या."

बारा जूनला रुग्णवाहिका कचेरीच्या अंगणात थांबली. जिना चढणं शक्य नव्हतं, तेव्हा नेरूरकर वर गेले आणि भट्टीच्या आवाजात काहीतरी बोलले. पाच मिनिटांनी चष्मेवाले कारकून नियमांचं पुस्तक काखेत घेऊन खाली आले. जेवणाच्या सुट्टीआधी ते जिना उतरताना कचेरीने प्रथमच पाहिले असावेत. दोन शिपाई मागोमाग बघायला आले.

"मालाच्या गाडीत माणसाने बसायचंच नाही का?" सुलक्षणेने विचारलं. "नियम वाचून दाखवाल?"

नियम वाचायला सांगणारं माणूस त्यांना बहुधा अनेक वर्षांत भेटलं नव्हतं. त्यांनी आनंदाने पान काढलं. "मालवाहू वाहनात मालाच्या देखरेखीसाठी मालाबरोबर एक माणूस बसू शकेल."

"बरं. ही खुर्ची माझ्या मालकीची आहे. वजन एकवीस किलो. ती मला रोज घरून शाळेत न्यायची आणि परत आणायची आहे. म्हणजे खुर्ची हा माल. मी मालाबरोबरचा माणूस."

कारकून थांबले. कारकुनांनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"पण इथे म्हटलंय, मालाच्या ढिगावर बसून प्रवास करू नये."

"ढीग कुठे आहे? एकच नग आहे."

कारकुनांनी आकाशाकडे पाहिलं. ओठ हलवून मनात काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि ज्याला गणित आवडतं असा माणूस जसा दिसतो तसे ते दिसले. फाईल गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहिलं: 'माल: खुर्ची, नग एक. सोबत इसम एक.' फळीचं काय, असं टिपणिसांनी विचारलं तेव्हा नेरूरकरांनी त्यांचा पाय दाबला. पण कारकुनांनी ऐकलं होतं. "चाकांचा माल म्हटल्यावर फळी लागणारच," ते म्हणाले आणि शिक्का आणायला वर गेले.

शिक्का मारून झाल्यावर ते जरा घुटमळले. "बाई, माझी पद्मिनी आठवीत आहे. अपूर्णांक आले की रडते."

"रविवारी पाठवा," सुलक्षणा म्हणाली. "सर्दी नसेल तर."

सोळा जूनला सोमवार होता. दशरथ नवा शर्ट घालून गाडी चालवत होता. मागे सुलक्षणा, तिच्या शेजारी डबा आणि औषधं घेऊन हट्टाने शिरलेल्या शांताबाई. हा इसम कागदावर नव्हता, पण त्यांना तसं सांगायची कुणाची छाती झाली नाही. टिपणीस आणि नेरूरकर स्कूटरवरून मागे. टेम्पो शाळेच्या फाटकातून आत शिरला, फळी उतरली, खुर्ची अलगद खाली आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिका नलिनीबाई पायऱ्यांवर गुच्छ घेऊन उभ्या होत्या.

पायऱ्यांवर.

पाच होत्या. उंच, दगडी, संस्थापकांच्या काळातल्या. सगळ्यांनी त्या एकदमच पाहिल्या. दोन महिने रद्दी, गाडी, फळी, परवाना यांच्यामागे धावताना शाळेला पायऱ्या आहेत हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सुलक्षणेच्याही नाही, ती त्या आजवर पायांनी चढत आली होती. अध्यक्षांच्या तर नाहीच. टिपणिसांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

"उचलू या," नेरूरकर बाह्या सरसावत म्हणाले. "चार जण पुष्कळ झाले."

सुलक्षणेचा चेहरा प्रथमच पडला. "रोज?" ती हळू म्हणाली. "रोज मुलींसमोर मला उचलणार? आणि हात सुटला म्हणजे?"

शांताबाई लेकीच्या पाठीवर हात ठेवून पायऱ्यांकडे शत्रूकडे पाहावं तसं बघत राहिल्या. मग टिपणीस पुढे झाले. का झाले ते त्यांना पुढेही सांगता आलं नाही. गेले दोन महिने लोक त्यांना जे म्हणतील ते होत आले होते, आता पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही म्हटलं.

"नलिनीबाई," ते म्हणाले, "बाई वर जाऊ शकत नाहीत. मुली खाली येऊ शकतात."

नलिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं. आभाळ कोरडं होतं. "आठवी ब!" त्या कडाडल्या. "बाकं उचला!"

दहा मिनिटांत बदामाच्या झाडाखाली आठवी ब भरली. फळा झाडाला टेकवला, तो घसरू नये म्हणून दशरथने खाली दगड लावला. सुलक्षणेने खडू हातात घेतला. थोडा वेळ तो नुसताच धरला. मग तारीख लिहिली.

त्या वर्षी पाऊस जोरात आला तेव्हा वर्ग चार दिवस सायकलींच्या शेडमध्ये भरला. पाचव्या दिवशी विश्वस्तांनी गवंडी बोलावला आणि पायऱ्यांच्या शेजारी सिमेंटचा उतार झाला. पण ते नंतर. त्या सोमवारी टिपणिसांना ऑफिसला जायचं होतं आणि ते जात नव्हते. झाडामागे, मुलींच्या नजरेआड, ते नेरूरकरांशेजारी उभे राहिले.

"एक नळ टाकी सहा तासांत भरतो," सुलक्षणा सांगत होती. "दुसरा तीन तासांत भरतो. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ? घाई करू नका. विचार करा."

मुलींनी वह्या उघडल्या. शेवटच्या बाकावरून एक आवाज आला, "बाई, समजलं नाही."

सुलक्षणेने मान खाली घातली. मास्कवरचे डोळे तेवढे दिसत होते. मग ती खुर्ची फिरवून शेवटच्या बाकापाशी गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

टिपणिसांनी बोटांवर हिशेब केला आणि साडेचार तास असं उत्तर काढलं. नेरूरकरांच्या कानाशी लागून त्यांनी ते अभिमानाने सांगितलं. नेरूरकरांनी तेवढ्याच गांभीर्याने मान डोलावली. त्यांचंही साडेचारच आलं होतं.